जांभ्याचा सडा, काळ्या मातीची पाणंद आणि हीरो एक्सपल्स २०० ४व्ही: घेताना आणि वापरताना

सातारा जिल्ह्यात मातीवर चालवायला मोटरसायकल घ्यायची तर एकाच जिल्ह्यातल्या तीन वेगळ्या मुलखांचा हिशेब करावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला म्हसवडला गेलात की जेमतेम ५०० मिलिमीटर. पश्चिमेला जांभ्याचे सडे (सपाट खडकाळ पठारं), शेवाळलेला खडक आणि ओढे. पूर्वेला माणदेशातला मुरूम, गोटे आणि धुरळा. मधल्या कृष्णाकाठी उसाच्या पट्ट्यात काळी माती, ती ओली झाली की चाक फिरू देत नाही. जी गाडी या तिन्हींत तग धरते तीच इथे कामाची.

दोन लाखांच्या आतल्या गाड्यांत हे काम करणारी म्हणून एक्सपल्सचं नाव निघतं. दोन व्हॉल्व्हची पहिली एक्सपल्स २०१९ ला आली, चार व्हॉल्व्हची २०२१ च्या ऑक्टोबरात, आणि २०२३ ला तिच्यात नवा एलईडी दिवा, एबीएसचे (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) तीन मोड आणि ‘प्रो’ हा उंच अवतार आला. आमचं मत आधीच सांगतो: स्पर्धेत उतरायचं नसेल तर साधी घ्या, प्रो नको. आणि जे पैसे वाचतील ते सायलेन्सर, स्टिकर, फॉगलॅम्प यांत न घालता गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट, पंप आणि जादा ट्यूब यांत घाला. या गाडीचं इंजिन तुमच्या बऱ्याच चुका पोटात घालतं. एअर फिल्टर, चेन आणि चाकाच्या तारा मात्र घालत नाहीत.

आकडे थोडक्यात. १९९.६ सीसी, ऑइल कूलर असलेलं इंजिन, साधारण १९ पीएस, टॉर्क १७.३५ न्यूटन मीटर, तोही ६,५०० आरपीएमला. पाच गिअर. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, दोन्ही तारांची, टायर ट्यूबवाले. साध्या मॉडेलला पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर सस्पेन्शनचा प्रवास, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, सीट ८२५ मिलिमीटर, वजन १५८-१५९ किलो. प्रो मॉडेलला पुढे २५०, मागे २२०, जमिनीपासून २७०, आणि सीट ८९१ मिलिमीटर.

हा शेवटचा आकडा नीट बघा. साडेपाच फुटाच्या माणसाला ८२५ वर दोन्ही पायांचे चवडे टेकतात, ८९१ वर एका पायाचं बोट. सपाट मैदानात त्याने काही बिघडत नाही. पण चाळकेवाडीच्या पठारावरून उतरणाऱ्या एखाद्या गाडीवाटेवर इंजिन बंद पडलं, एका बाजूला उतार आहे आणि पाय खाली नेतोय तर जमीनच लागत नाही, तेव्हा गाडी आडवी होणारच. आडवी होणाऱ्या १६० किलोला पायाने तोलायचा प्रयत्न केला की गुडघा दुखावतो. साध्या मॉडेलचा पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) आवळता-सैलावता येत नाही, प्रोचा सगळा येतो, हे खरं. पण रविवारच्या फिरतीला साध्याचा पुरतो.

टॉर्क ६,५०० ला येतो याचा अर्थ असा की खालच्या आरपीएमला गाडी ढिली वाटते. बुलेटवाल्याला सवय असते दुसऱ्या गिअरात ढकलत चढायची. इथे तसं केलंत तर मध्यावर दम सुटतो आणि मग हाफ क्लचचा खेळ सुरू होतो. चढ सुरू व्हायच्या आधीच पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि थ्रॉटल एकसारखा धरा. हाफ क्लचवर पाच मिनिटं चढलात तर क्लच प्लेटा तापतात, लिव्हरचा मोकळा खेळ बदलतो आणि गाडी आवाज करते पण ओढत नाही. असं झालं की थांबा आणि इंजिन थंड होऊ द्या. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळा खेळ असावा. तो अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा घासत बसतात.

हायवेचं एका वाक्यात: पुणे-बेंगळुरू महामार्गावर ८०-९० ला सुखाने चालते, १०० च्या पुढे ओढून ताणून. मायलेज साधारण ३५ ते ४०, टाकी १३ लिटरची, म्हणजे साताऱ्याहून बामणोली करून परतायला पेट्रोलची चिंता नाही. ब्लूटूथ, यूएसबी वगैरे आहे, चालतं.

आता ब्रेक, कारण घाटात उतरताना याच गोष्टीवर जीव असतो. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागच्याला नाही. रस्त्यावर ही उणीव वाटेल, मातीवर हीच सोय आहे. मागचं चाक मुद्दाम लॉक करून गाडीचं शेपूट वळवता येतं, आणि मुरमाच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरत उतरणं हे एबीएसच्या ठकठकीपेक्षा बरं. पुढच्या एबीएसला मुरमावर टायर घसरतोय असं वाटत राहतं, तो ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबायला जास्त जागा घेते. २०२३ च्या मॉडेलात रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे मोड आहेत. ऑफ-रोडमध्ये एबीएसची ढवळाढवळ कमी होते, रॅलीत तो बंदच होतो. बहुतेकांना ऑफ-रोड पुरतो. ज्याला पुढचा ब्रेक बोटाच्या टोकाने मोजून दाबता येतो त्यानेच रॅली लावावा, आणि डांबरावर परत आलात की मोड बघून मगच वेग घ्यावा. यवतेश्वरच्या घाटातल्या ओल्या वळणावर रॅली मोडमध्ये जोरात ब्रेक दाबलात तर पुढचं चाक लॉक होऊन सटकेल.

उतरताना पहिला गिअर, क्लच सोडलेला, वजन थोडं मागे, पुढच्या ब्रेकवर दोनच बोटं. क्लच दाबून उतार उतरणं ही सगळ्यात वाईट सवय. इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चढावर गाडी बंद पडली तर उलटं करा: पुढचा ब्रेक धरा, इंजिन बंदच राहू द्या, गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच सोडा, मागचं चाक आपोआप अडकून राहतं. मग डोंगराच्या बाजूचा पाय खाली टेका, दरीच्या बाजूचा कधीच नाही. क्लच आणि ब्रेक थोडा-थोडा सोडत गाडी आडवी करा आणि वळून खाली या. चढावरच पुन्हा स्टार्ट करून थेट वर जायच्या हट्टापायी बऱ्याच गाड्या मागे घरंगळतात.

उभं राहून चालवणं म्हणजे स्टाइल मारणं नव्हे. गुडघ्याने टाकी पकडली, वजन पायदानावर टाकलं, कोपरं बाहेर काढली की गाडी खाली मोकळी हलते आणि वरचं शरीर शांत राहतं. बसून गोट्यांवरून गेलात तर प्रत्येक धक्का पाठीत येतो आणि हात आपसूक हँडलला लटकतात. पायदानावर रबर असेल तर चिखलाच्या दिवसांत ते काढून टाका, ओल्या बुटाखाली सटकतं. लिव्हर थोड्या खाली झुकवून बसवा, म्हणजे उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील. दोन्ही लिव्हरचे क्लॅम्प फार करकचून आवळू नका. क्लॅम्पखाली नळाच्या कामाची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली आणि बोल्ट बेताने आवळला, की पडल्यावर लिव्हर फिरते, तुटत नाही. मूळचे नकल गार्ड (हँडलवर बोटांपुढे असलेले) प्लॅस्टिकचे आहेत. ते झुडपं आणि वारा अडवतील, खडक नाही.

टायरची हवा. डांबरासाठी गाडीवरच्या स्टिकरवरचा आकडा, मातीवर त्यापेक्षा कमी. मऊ माती, वाळू, चिखल असेल तर पुढे १८ ते २०, मागे २० ते २२ पीएसआय. जांभ्यावर आणि माणदेशातल्या टोकदार गोट्यांवर एवढी कमी करू नका, २२ ते २४ ठेवा. कारण ट्यूबवाला टायर दगडावर आपटला की ट्यूब टायर आणि रिमच्या कडेत चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. असं पंक्चर काढून लगेच पुढे गेलात तर पुढच्याच दगडावर पुन्हा तेच. आधी हवा वाढवा.

व्हॉल्व्हचा नट रिमला टेकवून आवळायची आपल्याकडे सवय आहे. ऑफ-रोडला तो सैल करून वर टोपीला भिडवून ठेवावा. कमी हवेत टायर रिमवर सरकला तर ट्यूबही त्याच्याबरोबर सरकते. नट सैल असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला डोळ्यांना दिसतो आणि हवा काढून टायर सरळ करायला वेळ मिळतो. नट आवळलेला असेल तर काही न दिसता व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, आणि तिथे पॅच बसत नाही.

२१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही. म्हणून सोबत एक २१ इंची ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप आणि पॅच ठेवा. एकच ट्यूब न्यायची तर पुढचीच न्या. मागच्या १८ इंची टायरमध्ये ती तात्पुरती घडी करून बसते आणि हळूहळू घरी आणते. मागची ट्यूब पुढे चालत नाही. यासोबत चेनलॉक (चेन जोडायची कडी), एक क्लच लिव्हर, एक ब्रेक लिव्हर, प्लग, केबल टाय आणि एम-सील. इंजिनाच्या कव्हरला दगडाने चीर गेली तर ती जागा पेट्रोलने पुसून वर एम-सील थापलं की ऑइल घरी पोहोचेपर्यंत टिकतं. ॲक्सलच्या नटाला बसणारा पाना टूलकिटमध्ये आहे का ते निघायच्या आधी घरी नट सोडून बघा.

एअर फिल्टरवर जरा थांबू. मूळ फिल्टर तेलकट कागदाचा आहे. तो कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करायचा नसतो. हवा मारली की तेल आणि कागदाचे धागे निघून जातात, फिल्टर दिसायला स्वच्छ दिसतो आणि धूळ आत सोडतो. खराब झाला की बदलायचा. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात दिलेलं अंतर डांबरासाठी आहे. दहिवडी-म्हसवड भागातल्या धुरळ्यात, आणि पुढच्या गाडीच्या मागोमाग चालवत असाल तर, त्याच्या अर्ध्यावरच बघा. बाजारातला फोमचा फिल्टर लावणार असाल तर तो रॉकेलात दाबून-दाबून धुवा, पेट्रोलात नाही. पेट्रोलाने जोडाचा गोंद सुटतो, आणि आगीचा धोका वेगळा. मग साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, फोम फिल्टरचं तेल सगळीकडे लागेल एवढं ओता आणि मुठीत दाबून जास्तीचं काढा. पिळू नका, फोम फाटतो. फिल्टरच्या कडेला, जिथे तो डब्याला टेकतो तिथे, ग्रीसचा पातळ थर द्या. बहुतेक धूळ फोममधून नाही, याच कडेतून शिरते. डब्याच्या तळाशी एक छोटी नळी असते, तिच्यात पाणी किंवा तेल साठलेलं दिसलं तर वर काहीतरी गडबड आहे.

धूळ आत गेली तर काय होतं? जांभ्याची लाल पूड पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या मध्ये पॉलिश पेपरचं काम करते. आधी ऑइल कमी व्हायला लागतं, मग निळसर धूर, मग सकाळी सुरू व्हायला त्रास. तोवर सिलिंडर-पिस्टन गेलेला असतो.

चेन. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश, तारांचा नाही. वंगणाला ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, पण लावून रात्रभर राहू द्या आणि सकाळी फडक्याने वरचं पुसून घ्या. धुरळ्यात चिकट स्प्रे मारलात तर त्यावर मुरूम बसून चेनच घासली जाते. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. चेन-स्प्रॉकेटमध्ये फडकं अडकलं की बोट त्याच्या मागे जातं. न्यूट्रलला चाक हाताने फिरवा.

चेनचा ढिलेपणा पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवा. कारण सस्पेन्शन दबतं तसं पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात आणि त्या क्षणी चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर नीट दिसणारी चेन तिथे तारेसारखी ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. खात्री करायची तर एक-दोघांना सीटवर बसवून गाडी दाबायला सांगा, ती रेषा आली की खाली चेनला हात लावा, तिथेही साधारण १० ते १५ मिलिमीटर हलली पाहिजे. ताण देताना दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. एका बाजूला एक खूण जास्त झाली की चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका अंगाने झिजतात. दात आकड्यासारखे वळलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन बसवली तर तीही लवकर जाते.

तारा तपासणं सोपं, तरी कोणी करत नाही. चाक उचलून धरा आणि छोट्या पान्याने एकेक तार वाजवा. घट्ट तार टिंग करते, सैल तार थड करते. नव्या गाडीच्या तारा पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये बसतात, तेव्हा एकदा नक्की. सैल तारेचं निप्पल एका वेळी पाव आटा फिरवा, त्याहून जास्त नाही, मग चाक फिरवून रिमला आउट आलाय का, म्हणजे ती डगडगत फिरतेय का, बघा. तीन-चार तारा सलग सैल निघाल्या तर स्वतः हात न लावता आउट काढणाऱ्याकडे न्या. एक तार तुटली की तिचा भार शेजारच्या दोघींवर येतो आणि पुढच्या दणक्याला त्याही जातात.

इंजिन ऑइल घेताना डब्यावर जॅसो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघा, ग्रेड पुस्तकातला. कारचं महाग ऑइल चांगलं असेल असं समजून ओतू नका. त्यात घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, आणि आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. पाण्यात-धुळीत चालवणाऱ्याने ऑइल बदलायचं अंतरही निम्म्यावर आणावं. ऑइल कूलर पुढच्या चाकाच्या मागे चिखलाच्या माऱ्यात असतो. त्याच्या फटींत काळी माती सुकून बसली की घाटात गाडी तापते. ती माती ओली करून मऊ ब्रशने काढा. इंजिनाखालच्या ॲल्युमिनियमच्या बॅश प्लेटवरही (दगड अडवणाऱ्या पत्र्यावर) चिखलाचा थर साठतो आणि इंजिनाला पांघरूण घातल्यासारखा बसतो. आठवड्याच्या धुण्यात तो हमखास राहून जातो.

वॉशिंग सेंटरबद्दल एक तक्रार. बऱ्याच ठिकाणी प्रेशरचं नोझल थेट चाकाच्या बेअरिंगवर, ऑइल कूलरच्या पात्यांवर आणि हँडलच्या स्विचवर धरतात. पाणी सील ओलांडून आत शिरतं, ग्रीस वाहून जातं आणि काही महिन्यांनी चाकातून खरखर ऐकू येते. वरून डिझेलचा फवारा मारला की गाडी चमकते, पण ते रबराला वाईट, आणि डिस्कवर उडालं तर ब्रेकच लागत नाही. नोझल दोन हात लांब धरायला सांगा, डिझेलला नाही म्हणा. घरी बादली, मग आणि शॅम्पूने धुणं कधीही बरं.

फोर्कच्या चकचकीत नळीवर चिखल सुकू देऊ नका. सुकलेला चिखल सीलखाली शिरून त्याची कड कापतो आणि ऑइल पाझरायला लागतं. नुकतंच पाझरायला लागलं असेल तर लगेच सील बदलायची घाई नको. धुळीचं वरचं सील हळूच खाली सरकवा, पातळ प्लॅस्टिकची पट्टी सीलच्या कडेत घालून गोल फिरवा, अडकलेला कण निघतो आणि गळती बरेचदा थांबते. थांबली नाही तर मग सील. पुढच्या ब्रेक पॅडवर ऑइल उडालं असेल तर पॅड धुवून उपयोग नाही, बदला.

मागचा मोनोशॉक १० टप्प्यांत आवळता येतो. गाडी हाताने उचलून ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत मोजा, मग सगळं सामान घालून बसा आणि कोणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. फरक ५० ते ५५ मिलिमीटरच्या आसपास हवा. जास्त असेल तर आवळा. कमी आवळलेला शॉक मोठ्या खड्ड्यात तळाला आपटतो आणि पुढचं चाक हलकं होऊन हँडल भरकटतं. कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) महिन्यातून एकदा बघा: पुढचं चाक उचला, फोर्कच्या खालच्या टोकाला धरून पुढे-मागे हलवा. खट् असा आवाज आला तर सैल आहे. हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगला खड्डे पडलेत, आवळून भागणार नाही.

पावसाळ्यातले ओढे. आधी चालत जा, तळ गोट्यांचा आहे की गाळाचा ते पायाने बघा. पाणी पुढच्या ॲक्सलच्या वर, म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटरच्या वर असेल आणि ओढ असेल तर गाडी घालू नका. पहिल्या गिअरात, एकसारख्या थ्रॉटलवर, पलीकडच्या काठाकडे बघत जा. मध्ये गाडी पडली आणि इंजिन पाण्यात बंद पडलं तर बटणाला हात लावायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर काढा, एअर फिल्टर बघा, ओला असेल तर प्लग काढा आणि मगच स्टार्टर फिरवून पाणी बाहेर उडू द्या. ऑइल दुधाळ दिसलं तर सुरू न करता टेम्पोत घाला. ओढा ओलांडल्यावर दोन्ही ब्रेक हलके धरून थोडं चालवा, पॅड सुकतात. आणि चिखलातून आल्यावर गिअर टाकताच गाडी बंद पडत असेल तर इंजिन खोलायच्या आधी साइड स्टँडच्या सेन्सरवरचा चिखल बोटाने काढा.

कुठे चालवू नये हेही गाडीच्या वापरातच येतं. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. तिथे रस्ता सोडून एक चाकही घालायचं नाही, त्या फुलांची मुळं बोटभर मातीत असतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तर सोडाच. पाणंदीतून जाताना बांध तुडवू नका, पाण्याच्या पाटावरून गाडी काढू नका, आणि गुरं दिसली की इंजिन बंद करा. फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं असतं. तापलेला एक्झॉस्ट पाइप टेकेल अशा उभ्या गवतात गाडी लावून चहाला जाऊ नका, वणवा लागायला तेवढं पुरतं. उसाच्या हंगामात संध्याकाळी पाणंदीतून डांबरावर येताना थांबून बघा, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात.

२१० सीसीची पाण्याने थंड होणारी, सहा गिअरची नवी एक्सपल्स २०२५ च्या सुरुवातीला आली. हायवे जास्त असेल तर ती घ्या, सहावा गिअर आणि जादा ताकद कळते. पण ती दहा-बारा किलोंनी जड आहे आणि पुढे रेडिएटर आहे, म्हणजे दगडापासून सांभाळायला आणखी एक नाजूक वस्तू. माती जास्त आणि बजेट कमी असेल तर वापरलेली २०० ४व्ही अजूनही बरोबर सौदा आहे.

वापरलेली बघायला जाल तेव्हा रंग आणि किलोमीटर यांवर वेळ घालवू नका. रिमच्या कडेला दगडाचे चेप, तारांचा आवाज, फोर्कच्या नळ्या समांतर आहेत का, हँडल टोकाला नेऊन सोडताना अडकतं का, पायदानाच्या ब्रॅकेटला वेल्डिंग झालंय का, फ्रेमच्या मानेपाशी रंग तडकलाय का, एवढं बघा. गाडी थंड असताना स्वतः सुरू करा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर थोडा वेळ थांबा. आणि शेवटी सीट काढून, एअर फिल्टर बाजूला करून, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोट लाल निघालं तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च किमतीतून वजा करून बोला, नाहीतर दुसरी गाडी बघा.